कानातली अक्षता

कुर्बान मास्टरचा उजवा ओठ कसा उतरला, हे ज्याला त्याला वेगळं माहीत होतं, आणि ज्याला त्याला ते मास्टरनं स्वतः सांगितलं होतं.

सेमाडोहकडच्या लोकांना वाघाची हकीकत मिळाली होती. एका फॉरेस्ट गार्डाच्या लग्नाहून मास्टरचा बँड पातूरला परत येत होता, तर रस्त्यात वाघ. जीप बंद पडली. मास्टरनं ट्रंपेट काढला अन् वाजवला. वाघ मागच्या पायांवर बसला, डोळे मिटून मान डोलवायला लागला. अंतऱ्यावर मास्टरचा दम तुटला तसा तो उठला, जीपजवळ आला आणि उस्ताद शागिर्दाला मारतो तशी एक चापट उजव्या गालावर देऊन जंगलात निघून गेला. "नखं आत घेऊन मारली बरं," मास्टर सांगे, "म्हून गाल फाटला नाई. जनावर कदरदान होतं."

बाळापूरकडे हीच चापट विजेनं मारली होती. ती ट्रंपेटच्या भोंग्यातून आत शिरली, कानातून निघाली आणि जाता जाता नवरदेवाच्या घोडीचं शेपूट जाळून गेली. दोन्ही हकीकतींना खुशालराव साक्षीदार असे. हा खुशालराव मास्टरचा लहानपणापासूनचा दोस्त. काळ्या मातीत राबणारा माणूस, पण लग्नसराई आली की बँडचा मोठा ढोल गळ्यात अडकवायचा, आणि मास्टर जे सांगेल त्यावर "हाओ, मी होतो ना" एवढं म्हणायचा. घोडीचं शेपूट मूळ हकीकतीत नव्हतं, ते त्यानं घातलं.

खरं काय ते फक्त गुलनारला माहीत होतं, आणि ते इतकं बेचव होतं की पारावर कोणी फुकटातसुद्धा ऐकलं नसतं.

गुलनार मास्टरची बायको. बँडचे लाल कोट तीच शिवायची, खांद्यावरची सोनेरी झालर उसवली की तीच टाचायची. दोन वर्षांमागं नवऱ्याचा कोट मांडीवर घेऊन बसली असताना तिला गळपट्टीवर चहाचा डाग दिसला. तिनं तो धुतला. पुढच्या लग्नानंतर पुन्हा डाग, पुन्हा उजव्याच बाजूला. मग तिनं नवऱ्याला चहा पिताना नीट पाहिलं. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा निसटत होता आणि मास्टर मोठ्या सफाईनं तो रुमालानं टिपत होता. त्याच्याही आधी झोपेत त्याची उजवी पापणी फडफडत असे. पुढे ती फडफड थांबली, आणि मग पापणीच पुरती मिटेनाशी झाली. मडक्यातलं पाणी कोणी न पिता कमी व्हावं तसा त्या बाजूचा गाल कमी होत गेला.

"कोनाले सांगू नको," एकदा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"दवाखान्यात तरी चाला, जेबाचे अब्बा."

"जाईन. पन म्या कसं सांगायचं ते म्या पाहीन. एका रात्री लकवा मारला म्हटलं तं लोक म्हनतीन, येईन ठिकाणावर. हळूहळू उतरून राहिलं म्हटलं तं म्हनतीन, ओठ म्हातारा झाला. मंग ट्रंपेट जाईन शाहनवाजच्या हातात."

शाहनवाज त्याच्या बहिणीचा मुलगा, दुसरा ट्रंपेट वाजवायचा. चांगलं वाजवायचा, वर अदबीनं वागायचा. म्हणून तर मास्टरला त्याची धास्ती. बँडचा कायदा साधा आहे: सूर ज्याच्या ओठात तो पुढे चालतो. ज्याच्या ओठातून हवा गळते, त्याच्या हातात झांज देतात आणि त्याला मागे, बत्तीवाल्या बायांच्या रांगेत घालतात.

ती नापिकीची वर्षंही अशी होती की वाजवणं कमी आणि चालणंच जास्त. वरात जाताना पुढे दुःखाचं घर लागलं की बाजा बंद ठेवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मास्टर हात वर करतो, ढोलवाला चामड्यावर पंजा ठेवतो, आणि सगळे जण नुसतेच पावलं वाजवत ते घर ओलांडतात. पूर्वी गावात असं एखादं घर असायचं. आता मास्टर कुठल्याही गावी उतरला की पाणी मागायच्या आधी विचारायचा, "कोनती घरं?" आणि सांगणारा एक एक गल्ली सांगत जायचा. एका गावी नवरदेव मांडवात पोचेपर्यंत एक गाणंसुद्धा पुरं झालं नाही. वऱ्हाडी कुरकुरले, पण मोठ्यानं कोणी बोललं नाही.

त्या मुकाट चालण्यात मास्टरच्या ओठाला विसावा मिळायचा. हे त्यानं फक्त गुलनारला सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर जेवला नव्हता. पुढे पुढे त्याला विसाव्याची इतकी गरज पडायला लागली की जिथं कोणी गेलेलं नाही अशा घरापुढेही त्याचा हात वर जाऊ लागला. एका गावात तर ज्याच्या घरापुढे बाजा बंद केला तो भगवंतराव ओट्यावर बसून बिडी ओढत होता. तो उठून उभा राहिला. "काहून गा, मले कायची घाई लावून राहिला?" म्हणाला. सगळी वरात हसली. मास्टरही हसला, अर्धाच.

अकोल्याच्या एका डॉक्टरला त्यानं ठरवून ठेवलेलीच हकीकत सांगितली. रात्री जीपच्या फटीतून वारा लागला, सकाळी उठलो तर तोंड वाकडं. रोगी स्वतः सांगतो म्हटल्यावर डॉक्टरनं तरी काय करावं. वाऱ्याचा झटका आहे, येईल परत, म्हणाला, गोळ्या दिल्या. आलं नाही. मग गावाकडचा एक मेडिकलवाला म्हणाला, लकवा म्हणजे रक्त दाट झालं. आणि त्यानं रक्त पातळ करायची गोळी लावून दिली. मास्टर ती रोज रात्री नमाज झाल्यावर नेमानं घ्यायचा. जो रोग झालाच नव्हता, त्याचं औषध तो इमानदारीनं खात होता.

आणि मग कान बसला. तोही उजवाच.

आता बँडवाल्यांची एक रीत सांगितली पाहिजे. तुळशीचं लग्न लागलं की पहिल्या वरातीआधी बँडच्या सगळ्यांनी अकोल्याला जाऊन कान कोरून घ्यायचे. वर्षभराच्या ढोलानं कान भरतो असं ते मानतात. बसस्टँडाबाहेर गुलफाम नावाचा कानकोऱ्या लाल पगडीत सळई खोचून बसायचा. त्याच्यापुढे अख्खा बँड रांगेनं उकिडवा. त्या दिवशी गुलनारही झालर घ्यायला बरोबर आली होती आणि बाजूला बसून नव्या झालरीचे धागे दातानं तोडत होती.

गुलफामनं मास्टरचा कान उन्हाकडे केला, आत पाहिलं आणि सळई मागे घेतली.

"मास्टर, आत लाल काहीतरी बसून राहिलं."

"अक्षता अशीन."

"कानात?"

"बार्शीटाकळीले नवरीच्या मामानं पसाभर फेकली. डोळ्यात गेली, खिशात गेली, ट्रंपेटात गेली. कानानंच काय घोडं मारलं?"

वऱ्हाडात अक्षता ज्वारीची असते, कुंकवात लोळवलेली. एक दाणा कानाशी नेऊन पाहा: तेवढाच, तसाच गोल, तसाच तांबडा. गुलफामनं पुन्हा पाहिलं.

"हे हालून राहिलं, मास्टर. नाडीवानी. अक्षता हालत नाई."

"म्या हालून राहिलो म्हून थे हालते. काढ बावा, मांगं रांग हाय."

"हाओ," रांगेतून खुशालराव म्हणाला, "मी होतो ना. म्या पाह्यली आत जाताना."

गुलनारला माहीत होतं की बार्शीटाकळीला त्या दिवशी अक्षता पडायच्या आधीच मास्टर बसमध्ये जाऊन झोपला होता. पण तिच्या दातात धागा होता. तो काढून बोलेपर्यंत गुलफामनं आकडा लावून ओढलं.

रक्त थेंबानं आलं नाही, धारेनं आलं. मास्टरच्या मानेवरून, कॉलरवरून, कोटाच्या झालरीवरून ते गुलफामच्या मांडीवर पडलं. गुलफामनं आपल्या पेटीतला होता नव्हता तेवढा कापूस कानात कोंबला आणि वरून अंगठा दाबला. कापूस लाल झाला. आणखी कोंबला. "दाबून धरा," तो खुशालरावला म्हणाला, "मारून टाकतो म्हटलं कोनी तरी सोडू नका." ऑटोत खुशालरावनं तो कान असा दाबून धरला होता की त्याचा हात नंतर कितीतरी वेळ उघडला नाही. मास्टरच्या घशातही रक्त उतरत होतं. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता आणि गिळत होता.

तिथल्या दवाखान्यात औषधाची लांब पट्टी कानात घडी घडी करून बसवली, रक्त थांबलं. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. फोटो पाहणारा म्हणाला, अमरावतीला न्या.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात कानाची डॉक्टर सीमाताई म्हणून होती. मूळची अंजनगावची, शिकली नागपूरला. पुण्याच्या माणसाला ती रागावल्यासारखी वाटली असती. पातूरच्या माणसाला घरची वाटली. तिनं फोटो काचेवर लावला आणि बोट ठेवलं.

"चेहरा हालवते ते नस कानाच्या हाडातून जाते. त्या नसेवर हे गाठ बसली. साधी हाय, कॅन्सर नाई, तेवढं मनातून काढून टाका. पन रक्तानं भरून हाय. कानात जे दिसलं ते तिचं टोक होतं, अन् ते तुमी अक्षता म्हून ओढलं." मग ती मास्टरकडे वळली. "कधीपासून हाय तोंड असं?"

मास्टर उठून बसला. कानावर पट्टी, अंगात रक्त कमी, पण समोर नवा माणूस होता. त्यानं सेमाडोहपासून सुरुवात केली. सीमाताईनं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये विचारलंसुद्धा, "वाघ होता का वाघीन?" खोलीत खुशालराव होता, शाहनवाज होता, दोघंही हसले. वाघ जंगलात गेल्यावर ती म्हणाली, "वाघाचं झालं. आता तोंडाचं सांगा. एकदम झालं का हळूहळू?"

"एकदम," मास्टर म्हणाला. "एका रात्रीतून."

"नाई," गुलनार म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती कोपऱ्यात उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. तिनं मुळापासून सांगितलं. आधी पापणी फडफडायची. मग चहाचे डाग. मग पापणी मिटेना, मग गाल. दोन लग्नसरायांचं ते होतं. ओठ दाबून फुंकलं की उजवीकडून हवा कशी निघते आणि तो आवाज ढोलाखाली लपावा म्हणून मास्टर खुशालरावला जोरानं वाजवायला कसं सांगतो, तेही तिनं सांगितलं. खुशालरावनं मान खाली घातली. त्याला वाटायचं, मास्टरला आपला हात आवडतो.

"अन् हे," म्हणून तिनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "रक्त पातळ करायची. रोज घेतात."

सीमाताईनं पट्टी हातात घेऊन वाचली आणि खुर्चीवर बसली. "म्या यांले दोन दिवसांत आत घेनार होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "या गोळीवर हाड कोरलं असतं, तं टेबलावर रक्त थांबलं नसतं. काय समजले? वाऱ्यानं तोंड गेलं तं एका रात्रीत जाते. असं कणाकणानं जाते ते गाठीनं. हे पहिल्यांदा खरं सांगितलं असतं, तं तवाच फोटो निघाला असता. तवा हे दाण्याएवढी असन."

मास्टरनं कोणाकडेही पाहिलं नाही. बायकोनं भर बाजारात पायजम्याची नाडी ओढली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. थोड्या वेळानं तो शाहनवाजला म्हणाला, "ट्रंपेट घरी पेटीत हाय. घेऊन जाय. माउथपीस धुऊन घेजो." शाहनवाज काहीतरी बोलायला लागला तर त्यानं हात वर केला, वरातीत करतो तसा.

गोळीचा असर उतरेपर्यंत थांबावं लागणार होतं. तेवढे दिवस मास्टर गुलनारशी बोलला नाही. पाणी हवं असलं तर खुशालरावला सांगायचा, खुशालराव गुलनारला सांगायचा, आणि ती हातभर अंतरावर बसलेली असायची. पट्टी बदलताना एकदा पुन्हा रक्त सुटलं, उशी भिजली, तेव्हा मात्र त्यानं तिचा हात धरला. रक्त थांबलं तसा सोडला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सीमाताई सांगायला बसली. "आत गेल्यावर काय सापडन ते आज सांगता येत नाई. गाठ नसेवरून सुटली तं चांगलंच. नाई सुटली तं नस कापून, पायातली एक नस काढून तिथं जोडा लागते. मंग वर्षभर चेहरा मेलेला. त्याच्यानंतर थोडा येईन, नाई तं नाई."

"पूरी काढा," मास्टर म्हणाला. "अन् ओठ ठेवा."

"दोन्ही माह्या हातात असतं तं बोलली कायले असती? रक्त जास्त सुटलं तं मले मधातच ठरवा लागन. तुमी बेहोश असान. तवा कोनाले विचारू?"

मास्टर भिंतीकडे पाहत म्हणाला, "हिले विचारा. हिलेच सारं माहीत असते."

त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. सीमाताईनं मान हलवली आणि उठून गेली. टोमणा तसाच खोलीत राहिला, आणि गुलनार रात्रभर त्याच्याकडे पाहत राहिली.

सकाळी रक्त देणारे हवे होते. अख्खा बँड बडनेऱ्याकडच्या एका लग्नाला आलेला, तिथून थेट दवाखान्यात आला. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरे. रक्तपेढीपुढे कोणाची वरात आली म्हणून पेशंट खिडक्यांतून बघायला लागले. नर्स म्हणाली, बाह्या वर करा. बाह्या वर होईनात. गुलनारनं त्या हौसेनं अंगाबरोबर शिवल्या होत्या, आणि कोट काढायला खाली कोणाच्याच अंगात धड बनियन नव्हतं. मग तीच कात्री मागून बाकापुढे बसली आणि एकेकाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उसवत गेली. आपला टाका किती मजबूत आहे हे तिला त्या दिवशी कळलं. खुशालराव मोठा ढोल मैलभर वाहणारा गडी; सुई पाहिली आणि तो खाली बसला.

"वाघापुढं उभे होते म्हनत होते ना तुमी?" नर्स म्हणाली.

"वाघाजवळ सुई नोती, बाई."

मास्टरला आत नेलं. जाताना त्यानं गुलनारकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलला. "ओठ गेला तं मले घरी आनू नको," म्हणाला.

बाहेर बाकावर उसवलेल्या बाह्यांचा बँड रांगेनं बसला. रक्ताच्या पिशव्या आत जायला लागल्या. पहिली गेली तेव्हा खुशालराव म्हणाला, "हे माही." मग पिशव्या इतक्या लवकर जायला लागल्या की शाहनवाज उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला.

दार उघडून सीमाताई स्वतः बाहेर आली. हिरव्या कपड्यावर छातीपर्यंत रक्त. ते कोणाचं ते विचारायची गरज नव्हती.

"आत दाबून धरलं हाय," ती गुलनारला म्हणाली. "माह्या जोडीदाराचं बोट हाय त्याच्यावर. आत्ता थांबलं हाय, पन गाठीले हात लावला की सुटते. अर्धी निघाली. अर्धी नसेत गुतली. आता दोन गोष्टी हायेत. पुढं गेली, तं पूरी काढीन, नस कापीन, दुसरी जोडीन. रक्त किती जाईन ते म्या सांगू शकत नाई. गेलेलं पाहूनच बाहेर आली. त्यातून वाचले, तं वर्षा-दोन वर्षांनं ओठ थोडा येईन, मंग ते काय वाजवतीन ते वाजवतीन. नाई तं इथंच थांबते. विरघळणाऱ्या जाळीनं भरून बंद करते. जीव वाचन. चेहरा आज हाय तेवढाच राहीन. उरलेली गाठ आत राहीन, तिच्यावर नजर ठेवा लागन. अन् जोरानं फुकनं कायमचं बंद. तो दाब त्या जागेले चालनार नाई."

"ट्रंपेट नाई?"

"फुगासुद्धा नाई."

गुलनारनं बाकाकडे पाहिलं. खुशालराव आपल्या पंज्याकडे पाहत होता. शाहनवाजचं तोंड भिंतीकडे होतं. त्याला मामा हवा होता आणि पुढची जागाही हवी होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात मिळणार होत्या म्हणून त्याला मान वळवता येत नव्हती.

"त्यांले विचारलं असतं," गुलनार म्हणाली, "तं ते म्हनले असते, जाऊ द्या पुढं."

"मले त्यांचं नाई पाह्यजे. त्यांनं तुमचं नाव सांगितलं."

गुलनारच्या हातात अजून कात्री होती. तिनं ती बाकावर ठेवली.

"थांबा," ती म्हणाली. "बंद करा."

सीमाताई आत गेली. त्यानंतर एकच पिशवी आत गेली.

मास्टर शुद्धीवर आला तेव्हा तीच जवळ होती. त्यानं आधी ओठ हलवून पाहिला. डावा हलला, उजवा होता तिथंच होता. "पूरी काढली?" त्यानं विचारलं.

त्या वेळी कोणीही खोटं बोललं असतं. निदान सकाळपर्यंत तरी बोललं असतं. "अर्धी," गुलनार म्हणाली. "रक्त थांबत नोतं. म्या थांबवलं. आता फुकायचं नाई म्हनते डॉक्टर. कधीच."

त्यानं डोळे मिटले. उजवा मिटला नाही. तो तिच्याकडे तसाच पाहत राहिला. तिनं त्यात औषधाचा थेंब टाकला आणि वर चिकटपट्टी लावली.

पातूरला आल्यावर घरात बोलणं होतं, पण हकीकत नव्हती. शेजारचे, पाजारचे, तांड्यावरचे लोक बघायला येत, मुद्दाम थाटात बसत, चहा घेत आणि विचारत, "मास्टर, हे कसं झालं बुवा?" मास्टर कानाकडे बोट दाखवून म्हणे, "गाठ होती." संपलं. लोक आणखी थोडा वेळ वाट बघत आणि उठून जात. खुशालरावनं वाघ आठवून दिला, घोडीचं शेपूट आठवून दिलं. "कायचा वाघ," मास्टर म्हणाला. गुलनारला अकोल्यातल्या रक्ताची भीती वाटली नव्हती इतकी या दोन शब्दांची वाटायला लागली. आपण थांबवलं ते रक्त, का आणखी काही, हे तिला कळेना. ती उसवलेल्या बाह्या शिवत बसे आणि तो भिंतीशी पडून राही.

एके दिवशी दुपारी त्यांच्याच गल्लीतून वरात आली. ढोल लांबूनच कळला, खुशालरावचा हात आता हलका पडत होता. ट्रंपेट शाहनवाजचा. मास्टर पडल्या पडल्या ऐकत होता, बोटं चादरीवर ट्रंपेटच्या कळा दाबत होती. वरात मशिदीच्या कोपऱ्याशी आली, वळली, घराच्या जवळ आली, आणि बाजा एकदम बंद झाला.

नुसती पावलं वाजायला लागली.

मास्टर उठून बसला. ही शांतता कोणत्या घरापुढे करतात ते त्याच्याहून चांगलं कोणाला माहीत असणार? तिचा हिशेब त्यानंच इतकी वर्षं ठेवला होता. त्याचा चेहरा डाव्या बाजूनं लाल झाला. तो भिंतीला धरून दाराकडे निघाला, पण गुलनार त्याच्या आधी ओट्यावर पोचली.

"शाहनवाज," तिनं विचारलं, "कोन गेलं इथं?"

"मामी, मामूची तब्येत…"

"कोन गेलं ते विचारून राहिली म्या."

शाहनवाजनं तिच्या मागे पाहिलं. दारात मास्टर उभा होता, डोळ्यावर पट्टी, एका बाजूनं लोंबलेला. वर गेलेला हात कधी खाली करायचा हे मास्टरच ठरवतो, आणि शाहनवाजचा हात अजून वरच होता. मास्टरनं आपला हात वर केला, थोडा वेळ धरला आणि खाली आणला.

खुशालरावनं पंजा उचलला. असा ढोल वाजवला की कौलांवरची कबुतरं उडाली.

वरात पुढे सरकली. शाहनवाजचा अंतऱ्यावर दम तुटला. मास्टरनं अर्धं तोंड वाकडं केलं. वरातीतला पाहुणा, परगावचा कोणी शेषराव, पाणी प्यायला ओट्याशी थांबला होता. त्यानं लोटा खाली ठेवला आणि मास्टरकडे पाहून विचारलं, "काय झालं जी तोंडाले?"

गुलनार शिवणाकडे वळली. आता तेच ‘गाठ होती’ येणार होतं.

मास्टर ओट्यावर बसला. "अमरावतीले," तो म्हणाला, आणि थोडा थांबला. "अमरावतीले म्या अर्धा मेलो होतो. खरं सांगतो. इकडून फरिश्ता आला, त्यानं या गालाले धरलं, अन् चाल म्हने. जवान होता, पैलवान गडी, पंख असे. अन् इकडून हिनं धरलं. हे ओढते, थो ओढते. सारा दवाखाना पाह्यते. डॉक्टरीन म्हने, सोडा बाई, गाल जाईन. हे काही सोडत नाई…"

"मंग?" शेषराव म्हणाला.

"मंग फरिश्त्याचा हात सुटला. गाल असा राह्यला. विचारा तिले, ते होती."

शेषरावनं गुलनारकडे पाहिलं. मास्टरनं पाहिलं नाही. तो रस्त्याकडे बघत होता, पण त्याची डावी भुवई वर गेलेली होती.

"हाओ," गुलनार म्हणाली. "मी होती ना." मग सुई कापडात खोचून तिनं घातलं, "पंखाची दोन पिसं अजून माह्या पेटीत हायेत."

मास्टरच्या तोंडातून हसू निघालं ते डावीकडूनच निघालं, आणि उजव्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली. त्यानं ती टिपली नाही. "पिसं केवढी केवढी ते सांग त्यांले," तो म्हणाला, आणि इतक्यात पुढच्या गल्लीत ढोल थांबला.

त्या गल्लीत खरंच दुःखाचं घर होतं. आशाबाईचं. मास्टर बोलता बोलता थांबला. शेषरावनं लोट्याकडे नेलेला हात मागे घेतला. पावलं ऐकू येत होती, घोडीच्या टापा ऐकू येत होत्या. तिघंही मान खाली घालून बसले. घर लांबट होतं, ओलांडायला वेळ लागला.

मग दूरवर ढोल पुन्हा सुरू झाला, आणि मास्टर म्हणाला, "हं. तं पिसं."